तापाचा खाडा कोणाच्या खात्यावर?



आम्ही कांदिवलीच्या चारकोपमधून आलोय. मुंबईच्या बाया आपल्याला काय सांगणार, असं वाटलं असेल कोणाला, तर आधी एवढं सांगतो की आमच्या बचत गटातल्या निम्म्याजणींचं माहेर नाहीतर सासर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगलीकडचं आहे. चारकोपला म्हाडानं जागतिक बँकेच्या मदतीनं छोटे छोटे प्लॉट पाडून जी वसाहत केली, तिथल्या घरांत आम्ही राहतो. जवळच इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथल्या गाळ्यांत कोणी धागे कापायला जातं, कोणी पॅकिंगला, आणि बाकीच्या आजूबाजूच्या बिल्डिंगांत घरकामाला. म्हणजे तुमच्याकडे शेतावर आणि पॅकहाऊसला जातात, तसंच.

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. २०२२ च्या १ एप्रिलपासून राज्यातले करोनाचे निर्बंध उठले. मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर आला. त्याच वर्षी पाडव्याला आमच्याकडे डहाणूकरवाडीपर्यंत मेट्रोसुद्धा सुरू झाली, आणि पहिल्या रविवारी गटातल्या सगळ्याजणी नुसत्या हौसेनं दहिसरपर्यंत जाऊन आल्या. असं सगळं छान चाललेलं असताना तो जुना विषय कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. साथीत कामाच्या जागी माणसांना सांभाळायची जबाबदारी कोणाची, यावर आज आम्हाला बोलायचंय. साथ चालू असताना हे बोलायला कोणाला सवड नव्हती. आणि दुसरं कारण असं की यात आमचीही एक चूक आहे.

२०२० च्या जून-जुलैत साथीचा जोर मुंबईच्या दाट वस्त्यांकडून आमच्या पट्ट्यात सरकला. दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड. त्याच सुमाराला 'मिशन बिगिन अगेन' म्हणून कामं हळूहळू उघडली. तीन महिने घरात बसून आमच्या गटाची शिल्लक तळाला गेली होती. अशात कापडी मास्कची ऑर्डर मिळाली. आम्ही इस्टेटमध्ये एक गाळा भाड्यानं घेतला. सहा मशिनं, एक कापायचं टेबल, एक प्रेसचं. आठ बाया. पाच गटातल्या आणि तीन बाहेरच्या, नगावर. एका मास्कला तीन रुपये शिलाई.

आम्ही काळजी घेतली नाही असं नाही. दारात बादली, साबण, सॅनिटायझर. ताप मोजायची बंदूक आणली, तेव्हा ती महाग होती. वही घातली. सकाळी येणाऱ्या प्रत्येकीचं नाव, वेळ, ताप. ९७.८, ९८.१, ९७.६. ती वही आजही आमच्याकडे आहे आणि तिच्यात एकाही दिवशी एकीलाही ताप नाही.

बाहेरच्या तिघींतली एक शुक्रवारी संध्याकाळी मशीनवरच डोकं टेकून बसली. विचारलं तर म्हणाली, तीन दिवस अंग दुखतंय. रोज सकाळी तापाची गोळी घेऊन येत होती. गोळीनं ताप उतरतो आणि बंदूक खोटं सांगत नाही, त्या क्षणी जेवढा आहे तेवढाच दाखवते. तिला विचारलं, बाई, अशी का आलीस? ती म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, शुक्रवारपर्यंत माल द्यायचाय, कोणी खाडा करू नका."

ते वाक्य आमचंच होतं. तिच्या नवऱ्याची रिक्षा मार्चपासून उभी होती. नग नाही तर पैसे नाहीत. तिनं घरी थांबायला हवं होतं हे तिलाही कळत होतं, पण थांबली असती तर तो दिवस तिच्या एकटीच्या खिशातून गेला असता.

पुढच्या आठवड्यात आठातल्या चौघींची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्यांतल्या एकीच्या सासऱ्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि ते परत आले नाहीत. लागण गाळ्यातूनच गेली, की भाजी आणताना, की चाळीच्या नळावर, हे कोणी सांगू शकत नाही. त्या सुनेनं आम्हाला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं तो दिला नाही म्हणून आम्ही मोकळ्या झालो असंही नाही.

त्यानंतर महिनाभर गाळा बंद होता. तेव्हा आम्ही बसून एक प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला की या गाळ्याचा मालक कोण? आधी सगळ्याजणी म्हणाल्या, आपण कसल्या मालक, आपण गट. मालक म्हणजे शेठ, केबिनमध्ये बसणारा. मग एकीनं साधं विचारलं. गाळ्याची किल्ली कोणाकडे? यायची वेळ कोण ठरवतं? नगाचा दर कोण सांगतं? "उद्यापासून येऊ नको" असं कोण म्हणू शकतं? चारही प्रश्नांचं उत्तर एकच निघालं. ज्याच्याकडे हे चार अधिकार, तो मालक. मग त्याच्या अंगावर सोन्याची साखळी असो की आमच्यासारखं काळ्या मण्यांचं डोरलं.

आता मालकानं काय करायचं हे कुठे लिहिलंय ते बघू.

साथरोगाचा कायदा आपल्याकडे १८९७ चा, इंग्रजांनी मुंबईच्या प्लेगमध्ये केलेला. १३ मार्च २०२० ला आपल्या राज्यात तोच लागू झाला. मोजून चारपाच कलमं. सरकारला काय काय करता येईल आणि ऐकलं नाही तर शिक्षा काय, एवढंच त्यात आहे. मालकानं कामगारासाठी काय करावं याचा त्यात शब्दही नाही. तो आला आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याखाली निघालेल्या आदेशांत. १५ एप्रिल २०२० ला केंद्राच्या गृहखात्यानं कामाच्या जागांसाठी नियम काढले. सगळ्यांनी तोंड झाकायचं, आत येताना ताप तपासायचा, हात धुवायची सोय ठेवायची, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर ठेवायचं, जेवायच्या सुट्ट्या एकदम द्यायच्या नाहीत, माणसं आणणारी गाडी तीस-चाळीस टक्केच भरायची, जवळची कुठली हॉस्पिटलं साथीच्या रुग्णांना घेतात याची यादी लावायची. आणि एक गोष्ट बहुतेकांनी वाचलीच नाही: कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा. इस्टेटमध्ये सॅनिटायझर प्रत्येक दारात दिसला. विम्याचा कागद आम्ही तरी कुठे पाहिला नाही.

साथीच्या आधीचेही कायदे होते, ते कुठे गेले नव्हते. १९४८ चा कारखाने अधिनियम होता. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ साली, त्यात सातवं-अ कलम घातलं. ज्याच्या हातात कारखान्याचा अखेरचा ताबा, त्यानं कामगारांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण जितकं वाजवीपणे शक्य आहे तितकं सांभाळलंच पाहिजे, असं ते सांगत होतं. त्यात रोगाचं नाव नव्हतं, यंत्राचं नाव नव्हतं. म्हणूनच ते कामाचं होतं. २०२० च्या सप्टेंबरात संसदेनं या सगळ्या कायद्यांची मिळून एक नवी संहिता मंजूर केली, पण २०२२ च्या मेपर्यंत ती लागू झालेली नव्हती. तेव्हा जुनंच धरून चाललो.

याच कायद्यात सोळावं कलम होतं, दाटीवाटीचं. आम्हाला ते उशिरा कळलं आणि कळल्यावर आम्ही गप्पच झालो. प्रत्येक कामगारामागे निदान १४.२ घनमीटर जागा हवी, असं ते म्हणत होतं. घनमीटर वगैरे ऐकून घाबरू नका. ते साधारण पाचशे घनफूट होतात. आपल्याकडे शिलाईचा टेप असतोच. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटात मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि पाचशेनं भागायचं. जे उत्तर येईल तेवढी माणसं. फक्त छत खूप उंच असेल तर १४ फुटांच्या वरची उंची धरायची नाही, पत्र्याच्या शेडमध्ये हे लक्षात ठेवा. आमचा गाळा वीस फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. दोन हजार. भागिले पाचशे, चार.

चार. आम्ही आठजणी बसत होतो.

आम्ही आठजणीच, त्यामुळे कारखान्याचा तो कायदा आमच्या दारापर्यंत पोचत नव्हता. इन्स्पेक्टर आला असता तरी आम्हाला काही करू शकला नसता. पण श्वास घ्यायला लागणारी हवा कायद्यातल्या आकड्याची वाट बघत नाही. त्यात आमची खिडकी बंद. का, तर वाऱ्यानं कापड उडतं आणि मागच्या गल्लीतून धूळ येते. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे सगळ्यांना नीट समजेपर्यंत २०२१ उजाडलं. तोवर आपण सगळेच टेबलं पुसत होतो आणि खिडक्या लावून बसत होतो. त्या वेळी माहीत नव्हतं हे खरं. पण चौघींच्या जागेत आठजणी, हे माहीत करून घेता आलं असतं, ७२ वर्षांपासून लिहिलेलं होतं.

आमच्या समोर एक प्लॅस्टिकचा गाळा आहे. त्यांच्याकडे सगळं होतं, जमिनीवर पिवळे गोल आखलेले, पाट्या, पायानं दाबायचं सॅनिटायझर. फोटोही काढून ठेवले होते. ताप आला तर चौदा दिवस घरी बसायचं, बिनपगारी. त्या गाळ्यात कोणालाही ताप आला नाही. म्हणजे वहीत. आमच्यासारखंच. आणि कोपऱ्यावर एक छोटा छापखाना आहे, काका स्वतःच मशीन चालवतात, हाताखाली दोन पोरं. पाट्या नव्हत्या, पिवळे गोल नव्हते. एका पोराला खोकला झाला तर काकांनी दोघांनाही घरी पाठवलं आणि चौदा दिवसांचा पगार दिला. आम्ही विचारलं, परवडलं कसं? म्हणाले, "नाही परवडलं. पण पोरानं खोकला लपवला असता तर मी साठीचा माणूस, मीच गेलो असतो." काकांना धर्मादाय करायचा नव्हता, त्यांनी साधा हिशोब केला होता.

आम्हाला जे म्हणायचंय ते हेच आहे. साथीत मालकाचं पहिलं काम बंदूक आणि बाटली आणायचं नाही. आजारी माणसाला घरी थांबता येईल अशी सोय करायची, म्हणजे त्या दिवसाचा रोज द्यायचा. तो नसेल तर बाकी सगळ्या नियमांना माणसं गोळी घेऊन चकवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

पगाराबद्दल सरकारनं काय केलं? २९ मार्च २०२० ला आदेश निघाला की टाळेबंदीत काम बंद असलं तरी मालकांनी पगार कापू नये. तो १८ मेपासून मागे घेतला. मधल्या काळासाठी मालक कोर्टात गेले. १२ जूनला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, दोन्ही बाजूंनी बसून तडजोड करा. आता तुम्हीच सांगा, नगावर काम करणारी बाई कोणाबरोबर कुठल्या टेबलावर बसून तडजोड करणार? ज्यांची युनियन होती त्यांना काही मिळालं, बाकीच्यांना "नंतर बघू" मिळालं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात एक चांगली सोय मात्र आहे आणि ती फार बायांना ठाऊक नसते. कामगार राज्य विमा, ज्याला आपण इएसआय म्हणतो. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर मालकानं पगाराच्या सव्वातीन टक्के भरायचे, आपले पाऊण टक्का कापले जातात. दहा हजार पगारात मालकाचे ३२५, आपले ७५. त्याबद्दल आपल्याला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. म्हणजे तापाच्या खाड्याची सोय कायद्यात आहे! आमच्या कांदिवलीत पूर्वेला आकुर्ली रोडवर या योजनेचं हॉस्पिटल आहे. पण गटातल्या गाळ्यावर जाणाऱ्या बायांना विचारलं तर एकीच्याच हातात कार्ड होतं. एकीचे पैसे दरमहा कापले जात होते आणि कार्ड तिला कधी दिलंच नव्हतं. कोविडनं कामगार गेला तर घरच्यांना त्याच्या सरासरी रोजाच्या ९० टक्के इतकं मासिक साहाय्य द्यायची योजनाही इएसआयनं काढली, २४ मार्च २०२० पासूनच्या मृत्यूंसाठी. अट अशी की आजार कळायच्या निदान तीन महिने आधी नाव नोंदलेलं हवं आणि आधीच्या वर्षात ७० दिवसांचे पैसे भरलेले हवेत. ज्या मालकानं नावच नोंदलं नाही, त्यानं हे सगळं त्या घराच्या हातून घालवलं. पगाराच्या पावतीवर, बँकेच्या पुस्तकात बघा, काही कापलं जातंय का. जात असेल तर विमा क्रमांक मागा.

घरकाम करणाऱ्या मैत्रिणींचं तर काय सांगावं. महावीरनगरच्या, सेक्टरच्या सोसायट्यांनी मार्चमध्ये गेट बंद केलं ते कित्येक महिने. काही घरांनी बसून पगार दिला, त्यांची नावं बाया अजून आदरानं घेतात. काहींनी एप्रिलचा अर्धा दिला आणि मेमध्ये फोन उचलणं सोडलं. परत बोलावलं तेव्हा तपासणीचा कागद आमच्या बायांनी आणायचा, आणि घरातले लोक लग्नाला जाऊन आले ते मात्र विचारायचं नाही. २००८ साली राज्यानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०२१ च्या निर्बंधांत सरकारनं दीड हजार रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांना. आमच्या गटात घरकाम करणाऱ्यांत तिघींचीच नोंदणी निघाली. या बाबतीत समन्वयक म्हणून आमचा आळस नडला, दुसऱ्या कोणाचा नाही.

तुमच्याकडचं चित्रही आम्ही बघत होतो. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळावर अडकले, बायका-पोरं, बैल आणि सगळं. १७ एप्रिलला राज्यानं परवानगी दिली की त्यांना गावी जाऊ द्या. पण कशी, ते महत्त्वाचं आहे. साखर कारखान्यानं त्यांची वैद्यकीय तपासणी करायची, गावाला कळवायचं आणि पोचवायची व्यवस्थाही करायची. म्हणजे एरवी "हे मुकादमाचे लोक, आमचे नाहीत" म्हणणाऱ्यांना सरकारनं सांगितलं की तुमच्या फडात आहेत ना, मग तुमची जबाबदारी. मुकादम मध्ये असला म्हणून मालक सुटत नाही, हे त्या एका आदेशात लिहिलं गेलं. ते नेहमीसाठी का नाही, हा प्रश्न बीडकडच्या बायांनी विचारायला हवा, आणि त्या विचारतातच.

आणि आपल्या आशाताई. गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला त्या गेल्या, ऑक्सिजन मोजला, शिव्या खाल्ल्या. त्यांचं मालक तर सरकारच. पण सरकार त्यांना कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. नाव बदललं की जबाबदारी पातळ होते, ही युक्ती फक्त शेठ लोकांचीच नाही. १५ जून २०२१ पासून त्या संपावर गेल्या. आठवडाभरानं हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाला. दीड हजार रुपयांसाठी साथीच्या मधोमध संप करावा लागला.

हे काही नवीन नाही. मघाशी प्लेगचं म्हणालो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि काही महिन्यांत गिरण्यांमधले कामगार गावाकडे पळाले. गिरणीत पगार महिन्याचा, तोही मागाहून हातात यायचा. रोजचा रोज देणं शक्य नाही, असं मालकांचं म्हणणं. पण माणसंच उरली नाहीत तेव्हा हेच मालक नाक्यावर उभे राहून कामगारांची बोली लावू लागले आणि संध्याकाळी रोख रोज देऊ लागले. शक्य नव्हतं ते आठवड्यात शक्य झालं. म्हणून कोणी "परवडत नाही" म्हणालं की आम्हाला तो नाका आठवतो.

त्याच प्लेगमध्ये, ९ फेब्रुवारी १८९७ ला, नारायण मेघाजी लोखंडे गेले. कामगारांसाठी धडपडताना. आज आपण रविवारी सुट्टी घेतो ना, ती १८९० साली गिरणी कामगारांना त्यांनी मिळवून दिली. त्यासाठी भरलेल्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या होत्या. त्यांची नावं आम्हाला कुठे सापडली नाहीत. आणि महिनाभरानं, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ते तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

असो. आमच्या गाळ्याचं काय झालं ते सांगून थांबतो.

ऑगस्टमध्ये उघडलं तेव्हा पहिल्यांदा खिडकी उघडली आणि तिला जाळी लावली, कापडावर वजनं ठेवली. भिंतीत जुना पंखा होता तो हवा बाहेर फेकेल असा फिरवून घेतला. चारचार जणींच्या दोन पाळ्या, सकाळी आठ ते एक आणि दोन ते सात, मधला तास खोली रिकामी. यात सगळ्यांचे नग कमी झाले. एरवी दिवसाला शंभराच्या वर व्हायचे, ते पाच तासांत पासष्ट-सत्तरवर आले. म्हणजे तीनशेचे दोनशे रुपये. हे सोसलं, पण आनंदानं सोसलं असं म्हणणं खोटं होईल. एक बाई याच कारणानं सोडून गेली.

मग ऑर्डर देणाऱ्याकडे गेलो. म्हटलं, नगामागे चाळीस पैसे वाढवून द्या, आजारपणाचे. ते म्हणाले, असं खातं आमच्याकडे नसतं. आम्ही वही दाखवली, ती ताप नसलेली, आणि काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग तीस पैसे म्हणाले. दिवसाला सहाजणींचे मिळून चारशे नग, त्याचे झाले १२० रुपये. २५ दिवसांचे तीन हजार. आजारी बाईला दिवसाला दोनशे धरले तर महिन्याला पंधरा खाडे. त्या वेळी विलगीकरण चौदा दिवसांचं होतं. एकीचं पूर्ण भागत होतं आणि एक दिवस वर. गटाच्या खात्यात ही रक्कम वेगळी ठेवली, तिच्यातून कर्ज द्यायचं नाही असा ठराव केला. दोनदा मोह झाला, दिलं नाही.

मोठ्या साथीत हे पुरलं नसतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एकाच वेळी तिघी आजारी पडल्या तेव्हा नाहीच पुरलं, उरलेल्यांनी वर्गणी काढली. कायद्यानं ज्या मालकांवर बंधन आहे त्यांनी त्यांचं करावं, त्याला पर्याय म्हणून आम्ही हे सांगत नाही. तुमच्या भागात पॅकहाऊस असेल, काजूचा कारखाना असेल, आणि तिथे दाटी असेल, हात धुवायला पाणी नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज करता येतो. पगाराचं आणि रजेचं असेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी हे साथ असो नसो कायद्यानंच द्यायचं असतं. अर्ज एकटीनं करू नका, गटाच्या शिक्क्यानं करा, आणि पोच घ्या.

आमच्या हजेरीच्या वहीत आता हजर आणि गैरहजर यांच्यामध्ये एक तिसरी खूण आहे. 'आ'. आजारी, रोज चालू. ती गोळी घेऊन आलेली बाई आजही आमच्याकडेच आहे, आता गटाची सभासद आहे. गेल्या आठवड्यात सकाळी सात वाजता तिचा फोन आला, मुलाला गोवर उठलाय, मी येत नाही. आम्ही 'आ' लिहिलं. मग वाद झाला की मुलाच्या आजाराला 'आ' लागतो का. अजून मिटलेला नाही. पुढच्या मासिक बैठकीत घेणार आहोत. तुमच्या गटात काय करता ते केंद्रावर लिहून कळवा, आणि टेपनं शेड मोजलीत तर तो आकडाही.